धड लांडगा नाही, धड कुत्राही नाही

वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जैसलमेरच्या वाळूच्या टेकड्या येतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याचा पश्चिम भाग वाळवंटी समजला जातो तो या अर्थाने नव्हे. समुद्रसपाटीपासून सात हजार फूट उंचीचे ते पठार आहे. पाऊस तुटपुंजा, हवा कोरडी, दुपारी डोळे दिपवणारे ऊन आणि हिवाळ्यात बर्फ. २०२३ सालच्या ऑक्टोबरमध्ये एका शास्त्रीय बैठकीसाठी आम्ही दोघे सहकारी आल्बुकर्की शहरात गेलो होतो. बैठक संपल्यावर एक दिवस हाताशी उरला, तो या पठारावर घालवायचे ठरवले.

आल्बुकर्कीच्या पश्चिमेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर ग्रँट्स नावाचे गाव लागते. तिथून पुढचा रस्ता काळ्या लाव्हाच्या माळाला लागून जातो. दख्खनच्या माणसाला तो दगड लगेच ओळखीचा वाटतो. फरक इतकाच, की आपला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, तर तिथला सर्वांत वरचा थर जेमतेम चार हजार वर्षांपूर्वीचा. मग एल मोरो हा वालुकाश्माचा कडा येतो. १६०५ साली इथून गेलेल्या ओन्याते या स्पॅनिश सेनानीने आपले नाव त्यावर कोरून ठेवले आहे. (गडकिल्ल्यांवर नावे कोरणाऱ्यांनी हे उदाहरण पुढे करू नये.) कड्यापलीकडे थोड्याच अंतरावर कँडी किचन ही विखुरलेली वस्ती आहे. अमेरिकेत दारूबंदी होती त्या काळात इथे कोणीतरी चोरून दारू गाळत असे आणि त्यासाठी लागणाऱ्या साखरेचा संशय येऊ नये म्हणून मिठाईचा कारखाना असल्याचा देखावा करत असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आम्हाला जायचे होते ते या वस्तीजवळच्या वाइल्ड स्पिरिट नावाच्या आश्रयस्थानात. १९९१ साली सुरू झालेल्या या जागी लोकांनी पाळायला घेतलेले आणि मग न पेलवल्याने सोडून दिलेले लांडगे, आणि मुख्यतः लांडगा व कुत्रा यांच्या संकरातून झालेले प्राणी, मरेपर्यंत सांभाळले जातात. अशा संकरित प्राण्याला तिकडे 'वुल्फडॉग' म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू.

पिन्यॉन आणि जुनिपरच्या बुटक्या झाडांमध्ये उंच जाळीची कुंपणे घातलेली होती आणि बहुतेक कुंपणांत दोन-दोन प्राणी होते. आम्हाला फिरवून दाखवणाऱ्या स्वयंसेविकेने पहिल्या तीन कुंपणांपाशी काहीच सांगितले नाही. चौथ्यापाशी थांबून तिने सगळ्यांना विचारले, "यांतला लांडगा कोणता?" आम्ही दोघांनी, आयुष्यभर जीवशास्त्र करून, करड्या रंगाच्या, पिवळ्या डोळ्यांच्या, भारदस्त प्राण्याकडे बोट दाखवले. तो निघाला बहुतांशी मॅलम्यूट जातीचा कुत्रा. दुसऱ्या कुंपणाच्या टोकाशी, आमच्याकडे न पाहता जाळीच्या कडेकडेने येरझारा घालणारा, लांब पायांचा, अरुंद छातीचा प्राणी मात्र जवळजवळ पूर्ण लांडगा होता. तिने सांगितले, की इथे येणाऱ्या प्राण्यांच्या मालकांनाही बहुधा आपण काय पाळले आहे हे नेमके माहीत नसते.

परतताना गाडीत आमचा जो वाद झाला त्यातून हा लेख जमला. हा प्राणी आहे तरी कोण? नववी-दहावीच्या वर्गात आपण प्रजातीची व्याख्या सांगतो: ज्या जीवांच्या मीलनातून प्रजननक्षम संतती होते ते एका प्रजातीचे. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराला पिल्ले होत नाहीत, म्हणून घोडा व गाढव वेगळे. वुल्फडॉगला पिल्ले होतात. मग व्याख्येप्रमाणे लांडगा आणि कुत्रा एकच म्हणायचे का? हा प्रश्न निदान अडीचशे वर्षे विचारला जात आहे आणि त्याच्या उत्तरावर काही प्राण्यांचा जीव अवलंबून राहिलेला आहे.

१७५८ साली लिनियसने कुत्रा आणि लांडगा यांना दोन वेगळी नावे दिली. कुत्र्याची खूण म्हणून त्याने वर वळलेली शेपटी नोंदवली होती. ही खूण आजही पूर्ण टाकाऊ नाही, पण तिच्यावर प्रजाती उभी करणे कठीणच. फ्रान्समध्ये ब्यूफाँने लिनियसची नामावळी बाजूला ठेवून सरळ प्रयोग केला. जंगलातून आणलेले लांडगिणीचे पिल्लू आणि त्याच वयाचा एक मोठा कुत्रा त्याने एका आवारात एकत्र वाढवले. तीन वर्षे झाली तरी मीलन झाले नाही. उलट दोघांतले वैर वाढत गेले. ब्यूफाँने निष्कर्ष काढला, की हे दोन प्राणी मुळातच वेगळे. पुढे १७७३ मध्ये नामूर इथे एका सरदाराच्या घरी लांडगीण आणि कुत्रा यांना पिल्ले झाल्याचे कळले, तेव्हा त्याने आपले मत बदलले आणि अशा संकराच्या पुढच्या पिढ्यांची वर्णनेही प्रसिद्ध केली. एका जोडीवर केलेल्या प्रयोगावरून 'असे होतच नाही' म्हणू नये, हे शिकवायला इतके चांगले उदाहरण क्वचित मिळते.

या प्रश्नाला खरा हात घातला तो लंडनच्या जॉन हंटरने. देवीच्या लशीमुळे प्रसिद्ध झालेल्या एडवर्ड जेन्नरचा हा गुरू. पेशाने शस्त्रवैद्य, पण हाती येईल तो प्राणी पाळून, पाहून आणि शेवटी चिरून समजून घ्यायची त्याला आवड होती. लंडनमधल्या एका जनावरांच्या व्यापाऱ्याकडे असलेल्या लांडगिणीला पोमेरेनियन कुत्र्यापासून पिल्ले झाली. (त्या काळचा पोमेरेनियन आजच्यासारखा मांडीवर बसवण्याइतका नव्हता, चांगला मोठा कुत्रा होता.) हंटरने या पिल्लांचा माग ठेवला आणि संकरित मादीलाही पुढे पिल्ले झाल्याची खात्री करून घेतली. मुंबईहून निघालेल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जहाजावर कोल्हीण आणि स्पॅनियल कुत्रा यांचा संकर झाला होता, तीही हकीकत त्याने मिळवली. १७८७ साली रॉयल सोसायटीच्या 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स'मध्ये त्याने लेख लिहिला आणि लांडगा, कोल्हा व कुत्रा हे तिघेही एकाच प्रजातीचे असल्याचे मत मांडले. १७८९ मध्ये त्याला पुरवणी जोडली.

या लेखातली एक नोंद आम्हाला फार महत्त्वाची वाटते. वुल्फडॉगचे एक पिल्लू वाढले तेव्हा त्याचे वागणे कुत्र्यासारखे नव्हते, असे हंटर लिहितो. आसपास काय चालले आहे याकडे त्याचे लक्ष चटकन जाई, ते लगेच दचके, एक हालचाल सोडून दुसरी करायला त्याला वेळ लागत नसे, हाक मारल्यावर ते सहजी येत नसे. या वागण्यामुळेच त्याचा अंत झाला. रस्त्यावरच्या लोकांनी त्याला पिसाळलेला कुत्रा समजून दगडांनी ठेचून मारले.

हंटरच्या दृष्टीने हा एक ओझरता तपशील होता. त्याने मांडलेल्या सिद्धांताला त्यामुळे बाध येत नव्हता. पण वागणे वेगळे, शरीर वेगळे आणि तरी प्रजाती एक, असे म्हटले की व्याख्येवर ताण पडू लागतो. शिवाय हंटरची कसोटी खरी मानली तर कोल्हाही कुत्राच ठरतो, आणि तसे आज कोणी म्हणत नाही. १९४२ साली एर्न्स्ट मायर यांनी प्रजातीच्या व्याख्येची जी मांडणी केली तिच्यात निसर्गात होणाऱ्या मीलनावर भर होता. पिंजऱ्यात किंवा जहाजावर काय घडू शकते हे नव्हे, तर मोकळेपणी असताना दोन गट आपापले वेगळेपण टिकवतात का, हे पाहायचे. आपल्या पाठ्यपुस्तकी व्याख्येतून नेमका हा 'निसर्गात' शब्द गळून पडतो.

कुत्र्याचा पूर्वज कोण, हा वाद त्यानंतरही बराच चालला. कुत्र्यांच्या जातींतले वैविध्य पाहून डार्विनला १८६८ मध्ये अनेक रानटी पूर्वज असावेत असे वाटले. कोन्राड लॉरेन्झ यांनी १९५० साली बहुतेक कुत्र्यांचे मूळ कोल्ह्यात असल्याचे लिहिले, आणि पुढे ते मत मागे घेतले. १९९७ मध्ये तंतुकणिकांमधल्या डीएनएच्या अभ्यासाने निकाल लांडग्याच्या बाजूने लागला. आज असे दिसते, की कुत्रा ज्या लांडग्यांपासून झाला तो गट आता उरलेला नाही. जर्मनीत बॉनजवळ माणसांसोबत पुरलेल्या कुत्र्याचे अवशेष सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे आहेत, म्हणजे शेती सुरू होण्याच्या आधीपासून कुत्रा आपल्याबरोबर आहे.

ही चौदा हजार वर्षे पुसून पुन्हा लांडग्याचे रक्त कुत्र्यात आणावे, असे विसाव्या शतकात काही जणांना वाटले. हॉलंडमध्ये लेंडर्ट सारलोस यांनी १९३०च्या दशकात जर्मन शेफर्ड नराचा लांडगिणीशी संकर केला. पाळीव कुत्री कमजोर झाली आहेत, डिस्टेंपरसारख्या रोगांना बळी पडतात, लांडग्यामुळे त्यांना ताकद आणि रोगप्रतिकार मिळेल, अशी त्यांची कल्पना. पिढ्यान्पिढ्या निवड करून जी जात तयार झाली ती देखणी होती, पण बुजरी. अनोळखी माणूस दिसला की मागे सरणारी. राखणीला तिचा उपयोग नव्हता. चेकोस्लोव्हाकियात १९५५ पासून कारेल हार्टल यांनी सीमेवरच्या रक्षकांसाठी हाच खटाटोप केला. तिथे जर्मन शेफर्डचा अंश पुन्हा पुन्हा मिसळल्यावर काम करण्याजोगे कुत्रे मिळाले आणि १९८२ मध्ये त्या जातीला देशात मान्यता मिळाली. दोन्ही प्रयोगांत लांडग्याचे रूप टिकवणे सोपे गेले. अवघड होते ते कुत्र्याचे मन परत मिळवणे.

याचे कारण समजायला सायबेरियातला कोल्ह्यांच्या नात्यातल्या खोकडांवरचा प्रयोग उपयोगी पडतो. १९५९ साली द्मित्री बेल्यायेव यांनी नोवोसिबिर्स्क इथे फरसाठी पाळलेल्या खोकडांमधून माणसाला कमीत कमी घाबरणारी तेवढी निवडून त्यांचीच पैदास सुरू केली. काही पिढ्यांतच शेपटी हलवणारी, माणसाजवळ लुडबुडणारी खोकडे जन्मू लागली. म्हणजे भीती किंवा माणसाळलेपणा हा केवळ संगोपनाचा भाग नाही, त्यामागे जनुके आहेत, आणि ती एक-दोन नसून पुष्कळ आहेत. संकरात ही पुष्कळ जनुके पत्त्यांसारखी पिसली जातात.

वर्गात हे करून पाहता येईल. लांडगा आणि कुत्रा या दोघांच्याही पेशीत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. (घोड्याची ६४ आणि गाढवाची ६२ गुणसूत्रे जुळत नाहीत, म्हणून खेचराची पंचाईत होते. इथे ती अडचण नाही.) पहिल्या पिढीतल्या वुल्फडॉगमध्ये प्रत्येक जोडीतले एक गुणसूत्र लांडग्याचे आणि एक कुत्र्याचे. त्याचा संकर पुन्हा कुत्र्याशी केला, तर पिल्लात लांडग्याचा अंश किती? जाहिरातीत छापतात, २५ टक्के. आता प्रत्येक विद्यार्थ्याने एक नाणे ३९ वेळा उडवावे. छाप पडला तर ते गुणसूत्र लांडग्याकडचे, काटा पडला तर कुत्र्याकडचे. छापांची संख्या भागिले ७८ म्हणजे त्या 'पिल्लातला' लांडग्याचा अंश. सरासरी २५ टक्क्यांच्या जवळ येईलच, पण कोणाचे १३ छाप पडतील तर कोणाचे २६, म्हणजे एक पिल्लू सुमारे १७ टक्के लांडगा आणि त्याचे भावंड ३३ टक्के. खऱ्या गुणसूत्रांची लांबी सारखी नसते आणि त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदलही होते, ते इथे सोडून दिले आहे. पुन्हा टक्केवारी सारखी असली तरी भीतीशी संबंधित जनुके कोणाच्या वाट्याला आली हे त्या आकड्यात दिसत नाहीच.

त्या पठारावरच्या कुंपणांमागे याचाच परिणाम आम्ही पाहिला. पिल्लू असताना सगळेच गोजिरवाणे असतात. दीड-दोन वर्षांचे होऊन वयात आले, की काही जण कुंपण उकरतात, घरातले सामान फाडतात, बाहेरच्या माणसाला घाबरून कोपऱ्यात जातात किंवा अन्नावरून गुरकावतात. घरमालक, शेजारी, विमा कंपनी, सगळ्यांच्या तक्रारी सुरू होतात. अमेरिकेत काही राज्यांत वुल्फडॉग पाळायला बंदी, काही राज्यांत मुभा, काही ठिकाणी निर्णय जिल्ह्यावर सोडलेला. त्यामुळे घर बदलले की कालचा पाळीव प्राणी आज बेकायदा ठरू शकतो. लांडग्यांच्या कळपात त्याला सोडता येत नाही, कारण त्याला शिकार येत नाही. साध्या कुत्र्यांच्या आश्रमातही बहुधा घेत नाहीत.

आणि मग रेबीज. आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, की कुत्रा चावला तर आपण लस घेतो आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतो. या दहा दिवसांमागे शास्त्र आहे. कुत्र्याच्या लाळेत विषाणू येतो तो रोगाची लक्षणे दिसण्याच्या जेमतेम काही दिवस आधी. तेव्हा दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. ही मुदत कुत्र्यांवरच्या निरीक्षणांतून आलेली आहे. वुल्फडॉगसाठी अशी मुदत ठरवलेली नाही. कुत्र्याची रेबीजविरोधी लसही त्याच्यासाठी अधिकृतपणे मंजूर नाही. पशुवैद्य ती टोचतात, पण सरकारी कागदावर तो प्राणी लस न घेतलेलाच राहतो. म्हणून तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की वुल्फडॉग माणसाला चावला तर त्याला मारून मेंदूची तपासणी करण्याचा विचार करावा. साधा ओरखडासुद्धा पुरतो.

१९९३ साली स्मिथ्सोनियन संस्थेच्या सस्तन प्राण्यांच्या जागतिक यादीत कुत्र्याचे नाव बदलून 'कॅनिस लुपस फॅमिलिआरिस' केले गेले. कुत्रा लांडग्याचीच उपप्रजाती ठरला. हंटरचे म्हणणे, कोल्हा वगळून, दोनशे वर्षांनी खरे झाले म्हणायचे. वुल्फडॉग पाळणाऱ्यांनी लगेच युक्तिवाद केला, की प्रजाती एक तर लसही एक. आमच्या मते हा युक्तिवाद अपुरा आहे. नाव बदलल्याने लाळेतल्या विषाणूचे दिवस मोजले जात नाहीत, त्याला प्रयोगच करावा लागतो. पण तो प्रयोग न करता प्राण्याला संशयाचा तोटा देत राहणे आम्हाला पटत नाही. इतकी वर्षे तो कोणी का केला नाही, असे आम्ही त्या स्वयंसेविकेला विचारले. "खर्च कोण करणार? हे कोणाचेच नाहीत," ती म्हणाली.

या वाळवंटी पठारावरची आणखी एक विसंगती सांगायला हवी. ज्या काळात अमेरिकेत लोक हौसेने लांडग्यांचे संकर पाळत होते, त्याच काळात या डोंगरांतला मूळचा मेक्सिकन लांडगा गोळ्या, सापळे आणि विष यांनी रानातून संपलेला होता. १९७७ ते १९८० या काळात मेक्सिकोत पकडलेल्या मोजक्या प्राण्यांपासून पैदास करून १९९८ साली शेजारच्या ॲरिझोनात ११ लांडगे सोडण्यात आले. आता त्यांचे वंशज न्यू मेक्सिकोतही आहेत. त्यांच्यातली एखादी लांडगीण कुत्र्याबरोबर राहून व्याली, तर ती पिल्ले शोधून मारली जातात, कारण इतक्या लहान गटात कुत्र्याची जनुके शिरली तर मूळ वंशच विरघळेल. आम्हाला हे वाचून वाईट वाटले, पण चूक आहे असे म्हणवत नाही.

तरी जनुकांची ही सरमिसळ नेहमी नुकसानीचीच असते असेही नाही. उत्तर अमेरिकेत काळ्या रंगाचे लांडगे बरेच दिसतात. त्यांचा काळा रंग कुत्र्यांकडून, फार पूर्वीच्या संकरातून आला, हे २००९ मध्ये सिद्ध झाले. पुढे २०२२ मध्ये दिसले, की ज्या लांडग्यांत या जनुकाची एक प्रत असते ते डिस्टेंपरच्या साथीतून अधिक संख्येने वाचतात. बिचाऱ्या सारलोसना डिस्टेंपरचा प्रतिकार लांडग्याकडून कुत्र्याला द्यायचा होता!

आणि हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. पुण्याच्या आसपासच्या माळरानांवर लांडगे आहेत. भारतीय लांडगा हा जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशांपैकी एक. माळरान म्हणजे पडीक जमीन असे समजून आपण त्यावर वसाहती, कारखाने आणि कचऱ्याचे ढीग उभे करत गेलो, आणि कचऱ्यामागोमाग भटकी कुत्री आली. तिथे हिंडणाऱ्या काही निसर्गप्रेमींना विचित्र रंगाचे लांडगे दिसले. त्यांनी फोटो काढले, नमुने मिळवले, आणि २०२३ मध्ये बंगळूरु व पुण्याच्या संशोधकांनी भारतातल्या लांडगा-कुत्रा संकराचा पहिला जनुकीय पुरावा प्रसिद्ध केला. १९७२च्या वन्यजीव कायद्यात लांडग्याला सर्वाधिक संरक्षण आहे. कुत्र्यासाठी नसबंदी आणि लसीकरण आहे. पुण्याजवळच्या या प्राण्यांचे काय करायचे? अमेरिकेसारखे त्यांना मारायचे, पकडून कुंपणात ठेवायचे, की आहेत तसे राहू द्यायचे? संशोधकांचा भर निदान सध्या लांडग्यांच्या माळांभोवतीच्या कुत्र्यांची नसबंदी करण्यावर, त्यांना लस टोचण्यावर आणि कचरा आवरण्यावर आहे.

इंदापूर, बारामती, सासवड, नान्नजच्या बाजूला ज्यांची शाळा आहे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाचे तरी वडील किंवा आजोबा मेंढरे घेऊन माळावर जात असतील. फिकट पिवळा, काळपट किंवा पांढरे ठिपके असलेला लांडगा त्यांनी कधी पाहिला का, कुठल्या माळावर, कोणत्या महिन्यात, बरोबर किती होते, हे मुलांनी विचारून वहीत लिहून ठेवावे. जवळ मात्र जाऊ नये.